मुळी आणण्यापासून काढा गाळण्यापर्यंत: औषधी मुळ्या घरी वापरताना पाळायचा क्रम

वैद्यांनी कागदावर 'अश्वगंधा क्षीरपाक' (मुळी घालून आटवलेले दूध) किंवा 'दशमूळ काढा' एवढे लिहून दिले की पुढचे सगळे घरच्यांवर येते आणि घोटाळा तिथेच होतो. एका घरात तयार चूर्ण पाण्यात उकळले जाते, दुसऱ्या घरात अख्खी मुळी कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन शिजवली जाते, तर तिसऱ्या घरात रविवारी आठवड्याचा काढा एकदम करून तो फ्रिजमध्ये ठेवला जातो. तिन्ही घरांची तक्रार शेवटी एकच असते, की औषधाचा गुण आला नाही.

बहुतेक चुका गॅस पेटवण्यापूर्वीच होऊन गेलेल्या असतात. मुळी कोणती आणली, तिचा नेमका कोणता भाग आला, ती किती कोरडी होती आणि किती जाड कुटली, यावर पुढचे सारे ठरते. म्हणून या लेखात खरेदी, वाळवण आणि कुटणे यांना उकळण्यापेक्षा जास्त जागा दिली आहे. कोणत्या विकारावर कोणती मुळी घ्यावी हे ठरवणे वैद्यांचे काम असल्याने तो विषय येथे घेतलेला नाही.

## टप्पा १: कागद, गोळ्या आणि आपली स्थिती एकत्र पाहणे

दुकानात जाण्यापूर्वी सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी करावी आणि ती वैद्यांना, तसेच नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखवावी. 'मुळीच तर आहे, तिने काय होणार' हा समज अनेकदा महागात पडतो. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधील लेखातून दाखवून दिले आणि पुढे त्याच मुळीतील रेसर्पिन हे द्रव्य जगभर औषध म्हणून वापरले गेले. जी मुळी रक्तदाब उतरवू शकते, ती आधीच रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याचा दाब धोकादायक पातळीपर्यंत खालीही नेऊ शकते. सर्पगंधा त्यामुळे घरगुती वापराची वस्तू नाही.

नेहमीच्या मुळ्यांबाबतही काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

ज्येष्ठमध रोज आणि दीर्घकाळ घेतल्यास शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांनी तो स्वतःच्या मनाने घेऊ नये. घसा बसला म्हणून एखादा तुकडा चघळणे आणि महिनाभर रोज काढा पिणे यांत फार अंतर आहे.

अश्वगंधा थायरॉईडच्या, झोपेच्या आणि मधुमेहाच्या औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करू शकते. तिच्या वापरानंतर यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणात ती टाळावी.

चित्रकमूळ तिखट आणि दाहक असते, ते त्वचेवर फोड आणू शकते. शुद्धी केल्याशिवाय ते पोटात घेतले जात नाही आणि गरोदर स्त्रीने तर ते मुळीच घेऊ नये.

खबरदारी: ठरलेली शस्त्रक्रिया असेल, तर घेत असलेल्या प्रत्येक मुळीची माहिती भूलतज्ज्ञांना द्यावी. बहुतेक रुग्ण गोळ्या सांगतात आणि काढा सांगायचे विसरतात.

## टप्पा २: खरेदी

मशीद बंदर आणि काळबादेवीच्या पट्ट्यात काष्ठौषधींची, म्हणजे सुक्या मुळ्या-सालींसारख्या वनस्पतीज औषधांची, जुनी दुकाने आहेत, उपनगरांतही आता अशी दुकाने आढळतात. मुंबईत एकच मुळी चार नावांनी विकली जाते. ज्येष्ठमधाला दुकानदार मुलेठी म्हणेल, पिंपळमुळाला गंठोडा, वाळ्याला खस आणि अनंतमुळाला उपळसरी किंवा सारिवा. म्हणून वैद्यांकडून मराठी नावाबरोबर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि वापरायचा भाग, म्हणजे मूळ, कंद, मुळाची साल की खोड, हे लिहून घ्यावे आणि तो कागद दुकानदारापुढे ठेवावा. तोंडी मागणीत 'तेच आहे हे, त्याच कामाचे' असे म्हणून दुसरेच हाती पडण्याची शक्यता असते.

पहिला नियम असा की शक्यतो अख्खी मुळी घ्यावी. चूर्णात काय काय दळले आहे हे डोळ्यांना कळत नाही, मुळी मात्र स्वतःची ओळख सांगते.

अश्वगंधा. सुकी मुळी फिकट बदामी, सरळसोट, वरून बारीक सुरकुतलेली असते. दुकानातच एक मुळी दोन्ही हातांनी मोडून पाहावी. चांगली मुळी पटकन, धागे न ओढता मोडते, मोडलेली जागा पिठूळ पांढरी दिसते आणि तिला उग्र वास येतो. मोडताना काडी चिवटपणे वाकत असेल, आतून पोकळ असेल किंवा हिरवट दिसत असेल, तर मुळीबरोबर खोडाचे तुकडे आले आहेत असे समजावे. तयार चूर्ण घ्यायचेच असेल, तर पाकिटावर 'मूळ' हा शब्द आहे ना हे पाहावे, कारण पाने मिसळलेला मालही बाजारात येतो. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेच्या पानांचा वापर टाळण्याची सूचना केली होती.

शतावरी. सोललेल्या, पिवळसर पांढऱ्या, उभ्या सुरकुत्या पडलेल्या मुळ्या घ्याव्यात. मध्ये असणारी कठीण शीर शक्यतो काढलेली असावी, नसेल तर ती घरी काढावी लागते. शतावरी हवेतील ओल लवकर ओढते. पावसाळ्यात दुकानातील बरणीतूनच ती मऊ आणि चिकट निघत असेल, तर त्या दिवशी खरेदी करू नये.

ज्येष्ठमध. बाहेरून तपकिरी, आतून पिवळा आणि तंतुमय, चव स्पष्ट गोड. तुकडा चघळल्यावर गोडी लगेच कळली नाही, तर माल जुना आहे.

अनंतमूळ. ही मुळी वासावर घ्यावी. खरी मुळी मोडली की व्हॅनिलासारखा गोड सुगंध येतो. तिच्या जागी दुसऱ्या वेलींच्या मुळ्याही विकल्या जातात, त्यांपैकी काहींना जवळजवळ वासच नसतो. वास आला नाही तर दुकानदार काहीही म्हणो, ती घेऊ नये.

दशमूळ. येथे वरचा नियम बाजूला ठेवावा लागतो. बेल, टेटू, शिवण, पाडळ आणि अग्निमंथ या पाच मोठ्या वृक्षांची मुळे, त्यांना जोडून सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू अशी दहा द्रव्ये ओळखणे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातले नाही. शिवाय वृक्षाचे मूळ काढायचे तर झाडच जाते, म्हणून बाजारात मुळाच्या जागी खोडाची साल किंवा लाकूड मिळणे सर्रास चालते. सुटी भरड घेण्यापेक्षा परवाना क्रमांक, घटकद्रव्यांची नावे, वापरलेला भाग, बॅच क्रमांक आणि तारीख छापलेले बंद पाकीट घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. ते थोडे महाग पडते, तरीही.

तपासणी: मूठभर मुळी पांढऱ्या कागदावर आपटावी. पीठ, बारीक किडे किंवा टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे दिसली, तर घुणा लागलेला आहे. पिठूळ मुळ्यांना, विशेषतः अश्वगंधेला, तो आधी लागतो.

खबरदारी: पावसाळ्यात पदपथाच्या कडेला किंवा रेल्वेरुळांलगत उगवलेली पुनर्नवा, अर्थात घेटुळी, उपटून आणण्याचा मोह टाळावा. एक तर दिसायला तिच्यासारखी दुसरी रानभाजी तिच्या शेजारीच वाढते. दुसरे म्हणजे मूळ हा भाग जमिनीतले सारे ओढून घेतो, त्यात सांडपाणी आणि धातूंचे अंशही आले.

एका वेळी एका महिन्याला पुरेल एवढेच घ्यावे. सुकी द्रव्ये वर्षानंतर आणि चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, म्हणजे त्यांचा गुण उतरतो, असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. मुंबईच्या दमट हवेत हा हिशेब आणखी आखडता घ्यावा लागतो.

## टप्पा ३: निवडणे, धुणे, वाळवणे

घरी आणल्यावर मुळी ताटात पसरून निवडावी. खडे, सुतळीचे धागे, पाने, काळपट किंवा बुरशी आलेले तुकडे बाजूला काढावेत. बुरशीचा तुकडा खरवडून उरलेला भाग वापरणे ही काटकसर करू नये, तो तुकडा टाकून द्यावा.

धुण्याबाबत दोन टोके दिसतात. काही जण मुळी धूतच नाहीत आणि काढ्याच्या तळाशी माती बसते, तर काही जण ती तासभर पाण्यात बुडवून ठेवतात आणि पाण्यात उतरणारा गुण मोरीत सोडून देतात. योग्य रीत अशी की मुळी चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने झटपट घासावी आणि लगेच सुती फडक्यावर निथळत ठेवावी. काढ्यासाठी वापरायची मुळी करण्याच्या वेळीच धुतली तर पुन्हा वाळवण्याचा प्रश्न उरत नाही. चूर्णासाठी मात्र आधी धुऊन पूर्ण वाळवावी लागते.

वाळवणे हा मुंबईतला सर्वांत अवघड भाग आहे. ऑक्टोबर ते मे या काळात खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा गॅलरीत येणारे दोन-तीन तासांचे ऊन अश्वगंधा आणि शतावरी यांना पुरते. मुळी स्टीलच्या ताटात एका थरात पसरावी, वर पातळ मलमल टाकावी आणि ऊन उतरताच आत आणावी, कारण संध्याकाळच्या खाऱ्या, ओलसर वाऱ्यात दिवसभराचे वाळवण वाया जाते. अनंतमूळ, वाळा आणि नागरमोथा या सुगंधी द्रव्यांना ऊन देऊ नये. ती पंख्याखाली सावलीतच वाळवावीत.

जून ते सप्टेंबर या काळात घरी चूर्ण करण्याचा बेतच सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. करावेच लागले, तर ओव्हन सर्वांत कमी तापमानावर, सुमारे ५० अंशांवर ठेवून, दार किंचित उघडे ठेवून मुळी वाळवावी. मायक्रोवेव्ह वापरू नये, त्यात बाहेरून कोरडी दिसणारी मुळी आतून करपते.

तपासणी: 'वाळल्यासारखी वाटते' यावर विसंबू नये. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर मुळीचे वजन करून लिहून ठेवावे, पुन्हा तासभर वाळवून पुन्हा वजन करावे. लागोपाठ दोन वजने सारखी आली की वाळवण पूर्ण झाले.

## टप्पा ४: साठवण

काचेची, घट्ट झाकणाची, पूर्ण कोरडी बरणी घ्यावी. बरणी मुळीच्या मानाने लहान असावी, कारण अर्धी रिकामी बरणी म्हणजे अर्धी बरणी दमट हवा. ओट्याच्या वरच्या फळीवर, जिथे कुकरची वाफ पोहोचते, तिथे ती ठेवू नये. झोपण्याच्या खोलीतील कपाट त्याहून बरे.

प्रत्येक बरणीवर चिठ्ठी हवी: मुळीचे नाव, भाग, खरेदीचा महिना आणि दुकान. घरात अश्वगंधा व शतावरी यांची चूर्णे शेजारी ठेवली आणि चिठ्ठी गळून पडली, तर पुढचा महिनाभर कोण काय खात आहे हे सांगता येत नाही.

फ्रिजमध्ये ठेवलेली बरणी बाहेर काढताच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडावी, नाहीतर आतल्या थंड मुळीवर हवेतील दव जमते आणि बुरशीला वाट मिळते.

## टप्पा ५: भरड की चूर्ण हे आधी ठरवणे

सर्वाधिक चुकणारा टप्पा हाच आहे. काढ्याला आणि क्षीरपाकाला भरड लागते, तर चाटण म्हणून किंवा दुधाबरोबर घ्यायला वस्त्रगाळ चूर्ण. चूर्ण उकळले की त्यातील पीठ फुगते, काढा खळीसारखा दाट होतो, तळाला लागतो आणि गाळताना फडक्याची भोके बुजतात. अख्खी मुळी उकळली तर पाणी तिच्या आत शिरतच नाही आणि आपण केवळ रंगीत पाणी पितो.

भरड जाड रव्याएवढी असावी. त्यासाठी लोखंडी किंवा पितळी खलबत्त्यात मुळीचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे करून कुटावेत. ज्येष्ठमधासारख्या तंतुमय मुळीचा रवा होत नाही, तिचे तंतू सुटे होईपर्यंत ठेचली तरी पुरे. मिक्सर वापरायचा असल्यास तो थांबत थांबत, दोन-दोन सेकंदच फिरवावा, कारण भांडे तापले की शतावरी चिकटते आणि सुगंधी द्रव्यांचा वास भांड्यातच उडून जातो. शतावरीची मधली शीर न काढता मिक्सर चालवल्यास पात्याभोवती काथ्याचे वेटोळे होते. मुळी थोडी ओलसर असतानाच बोटांनी शीर ओढून काढावी आणि मग ती वाळवावी.

चूर्णासाठी भरड पुन्हा बारीक करून मलमलीतून गाळावी आणि वर उरलेला चोथा परत कुटावा. उरलेला भाग टाकून देण्याची सवय वाईट, कारण मुळीचे कठीण आणि मऊ भाग वेगवेगळ्या वेगाने बारीक होतात व सगळे मिळून औषध होते.

खबरदारी: औषधी मुळी मसाल्याच्या डंकावर किंवा पिठाच्या गिरणीत नेऊ नये. लालबागच्या मसाला गल्लीत मिरची कुटण्यासाठी रांग लावणे ठीक आहे, पण आधीच्या गिऱ्हाइकाच्या मिरचीचा अंश आपल्या शतावरीत आला, तर पित्तासाठी घेतलेले औषधच पित्त वाढवील.

## टप्पा ६: काढा

नेहमीचे प्रमाण असे आहे: कठीण द्रव्याच्या एका भागाला सोळा भाग पाणी, मध्यम द्रव्याला आठ भाग, मऊ द्रव्याला चार भाग, आणि उकळून एक चतुर्थांश उरवायचे. सुक्या मुळ्या बहुतेक कठीण गटात येतात. म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिलिलिटर पाणी आणि उरवायचे ४० मिलिलिटर. काही वैद्य एक अष्टमांश उरवायला सांगतात, तेव्हा २० मिलिलिटर उरते. कागदावर काय लिहिले आहे ते पाहावे, लिहिलेले नसेल तर विचारून घ्यावे.

भरड काट्यावर मोजावी. 'दोन चमचे' हे माप निरुपयोगी आहे, कारण ठेचलेल्या ज्येष्ठमधाचा चमचा आणि अश्वगंधेच्या भरडीचा चमचा यांच्या वजनात बराच फरक पडतो.

1. भरड पातेल्यात घालून मोजलेले पाणी ओतावे आणि रात्रभर भिजू द्यावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रभर बाहेर ठेवलेले पाणी आंबू शकते, तेव्हा तीन-चार तास पुरेत किंवा पातेले फ्रिजमध्ये ठेवावे. भिजवलेले पाणी ओतून देऊ नये, त्यातच उकळावे.

2. पातेले स्टीलचे किंवा मातीचे असावे. ॲल्युमिनियम आणि कल्हई उडालेले तांबे-पितळ वापरू नये.

3. किती उरले हे नजरेने कळत नाही. त्यासाठी त्याच पातेल्यात आधी ४० मिलिलिटर साधे पाणी घेऊन त्यात लाकडी पळी उभी धरावी आणि ओलाव्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करावी. काढा उकळताना पळी बुडवून पाहिली की अंदाज येतो. पातेले अरुंद तळाचे असेल तरच ही खूण कामाची. पसरट भांड्यात ४० मिलिलिटर पाण्याची उंची बोटभरही होत नाही.

4. पहिली उकळी मध्यम आचेवर आणावी, नंतर आच मंद करावी. झाकण ठेवू नये; झाकून केलेला काढा पचायला जड होतो असे परंपरा सांगते आणि व्यवहारात झाकणामुळे आटण्याला बराच जास्त वेळ लागतो. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत पाणी आटवून 'झाला काढा' म्हणणे ही फसवणूक आहे, कारण पाणी गेले तरी मुळीतला गुण पाण्यात उतरायला वेळ मिळालेला नसतो. कुकर टाळण्याचे कारण नेमके उलटे आहे. त्यात पाणी आटतच नाही.

5. थोडे निवल्यावर पांढऱ्या सुती फडक्यातून गाळावे आणि चोथा पिळून घ्यावा. चहाच्या गाळणीने बारीक कण खाली येतात व घशात खवखवतात.

तपासणी: गाळलेला काढा मापाच्या पेल्यात ओतून पाहावा. ठरल्यापेक्षा जास्त असेल तर तो गाळलेलाच पुन्हा मंद आचेवर आटवता येतो. कमी उरला असेल, तर त्यात पाणी ओतून भरती करू नये. पुढच्या वेळी आच आणखी मंद ठेवावी.

काढा रोज ताजा करावा. सकाळी केलेल्या काढ्याचा दुसरा भाग संध्याकाळी घ्यायचा असेल, तर तो फ्रिजमध्ये ठेवून घेण्याआधी कोमट करावा. लोकलच्या प्रवासासाठी तो थर्मासमध्ये भरून नेण्याची पद्धत चुकीची आहे, कारण तासन्‌तास कोमट राहिलेल्या काढ्यात जंतू सुखाने वाढतात.

## टप्पा ७: क्षीरपाक

अश्वगंधा आणि शतावरी यांच्यासाठी ही कृती वारंवार सांगितली जाते. प्रमाण असे: द्रव्य एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग, आणि केवळ दूध उरेपर्यंत आटवणे. ५ ग्रॅम भरड, ४० मिलिलिटर दूध आणि १६० मिलिलिटर पाणी घेतले, तर शेवटी ४० मिलिलिटर उरले पाहिजे. आणखी एका पद्धतीत द्रव्याच्या पंधरा पट दूध आणि तितकेच पाणी घेतात. कागदावर प्रमाण नसेल तर पहिली धरावी, पण दोन्हींची सरमिसळ करू नये.

पाणी कशाला, नुसत्या दुधातच उकळू, असे अनेकांना वाटते. दुधातले स्निग्ध आणि प्रथिने भरडीभोवती साय धरतात व मुळीचा अंश बाहेर पडायला अडथळा होतो. पाणी असल्यामुळे दीर्घकाळ उकळता येते आणि दूध करपत नाही.

भरड आधी पाण्यात भिजवावी, त्याच पाण्यात दूध घालावे आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळावे. पातेल्यापासून दूर जाऊ नये. या मापाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. शेवटच्या पाच मिनिटांत दूध बुडाला धरते, म्हणून पळी तळाला घासत फिरवावी. सुरुवातीचा पाणचट पांढरा रंग जाऊन मूळच्या दुधासारखा किंवा किंचित दाट रंग आला आणि पळीवरची खूण जुळली की उतरवावे. उतरवल्यावर लगेच, गरम असतानाच गाळावे. थंड होऊ दिल्यास साय फडक्यावर बसते.

साखर घालायची तर गाळल्यावर. गूळ उकळत्या दुधात घातला तर दूध फाटू शकते. मधुमेह असणाऱ्यांनी दोन्ही टाळावे.

खबरदारी: दूध पचत नाही अशा व्यक्तीने क्षीरपाकाऐवजी काढा चालेल का, हे वैद्यांना विचारावे. दुधाच्या जागी बदामाचे किंवा सोयाचे पेय वापरून त्याला क्षीरपाक म्हणणे म्हणजे वेगळीच कृती करणे होय.

## टप्पा ८: सुगंधी मुळ्या, फांट आणि हिम

वाळा, अनंतमूळ आणि नागरमोथा यांचा गुण बराचसा वासात असतो, आणि उघड्या पातेल्यात अर्धा तास उकळले की घर घमघमते पण पेल्यात काही उरत नाही. फांटासाठी एक भाग भरडीवर चार भाग उकळते पाणी ओतून लगेच झाकावे आणि कोमट झाल्यावर गाळावे. हिमासाठी एक भाग भरड सहा भाग थंड पाण्यात रात्रभर झाकून ठेवावी आणि सकाळी कुस्करून गाळावी. झाकणाचा नियम येथे काढ्याच्या उलट आहे.

माठात टाकायची वाळ्याची जुडी दर दोन-तीन दिवसांनी काढून, धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा वापरावी. बुळबुळीत झालेली जुडी फेकून द्यावी. पाणी आधी उकळून गार केलेले असावे, कारण वाळा पाणी शुद्ध करत नाही.

## बाळगुटीबद्दल वेगळे सांगावे लागते

आजीच्या डब्यातील वेखंड, सुंठ, ज्येष्ठमध, अतिविष सहाणेवर उगाळून बाळाला चाटवण्याची पद्धत मुंबईतल्या अनेक मराठी घरांत अजून आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानंतरही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गुटी देऊ नये. वेखंडात बीटा-ॲसरोन हा घटक असतो आणि प्राण्यांवरील चाचण्यांत तो कर्ककारक आढळला आहे. कपड्यांच्या कपाटात ठेवण्यापुरते वेखंड ठीक आहे. किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरवण्याची रीतही मुळात ढिली आहे. सहाण खडबडीत असली, हात जड असला की त्याच दोन वेढ्यांत दुप्पट द्रव्य उतरते.

खबरदारी: अतिविष आणि बचनाग या एकाच कुळातील वनस्पती आहेत. बचनाग अतिविषारी असून औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. खरे अतिविष महाग असते, त्यामुळे त्यात मिसळही होते. सुट्या मालातून आणलेले अतिविष बाळासाठी तर नाहीच, मोठ्यांसाठीही घरी वापरू नये.

## टप्पा ९: घेणे

एका वेळी एकच नवे द्रव्य सुरू करावे. सोमवारी अश्वगंधा, मंगळवारी शतावरी आणि बुधवारी दशमूळ सुरू केले आणि गुरुवारी अंगावर पित्त उठले, तर दोष कोणाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. पहिले काही दिवस ठरलेल्या मात्रेच्या निम्मीच घ्यावी. अश्वगंधा किंवा शतावरी यांच्या चूर्णाची प्रौढांसाठीची रूढ मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे, पण ती वरची मर्यादा समजावी, वैद्यांनी कमी सांगितली असेल तर कमीच. ॲस्परॅगसची भाजी ज्यांना सोसत नाही त्यांनी शतावरी घेऊ नये, दोन्ही एकाच वंशातील आहेत.

अनुपान म्हणून, म्हणजे औषधाबरोबर घ्यायला, मध सांगितला असेल, तर काढा कोमट झाल्यावरच मिसळावा. ॲलोपॅथीच्या गोळ्या आणि काढा यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, मात्र नुसत्या अंतराने औषधांची आपसांतील टक्कर टळत नाही, त्यासाठी पहिला टप्पाच आहे.

कालावधी सुरुवातीलाच लिहून घ्यावा. 'बरे वाटते आहे, चालू ठेवू' असे म्हणत वर्षभर घेतलेली मुळी हे औषध राहत नाही, ती एक न तपासलेली सवय होते. पुन्हा वैद्यांना दाखवण्याची तारीख कॅलेंडरवर टाकावी. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसल्यास वरळीच्या पोदार आयुर्वेदिक रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे.

## टप्पा १०: थांबण्याची लक्षणे आणि नमुना

लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे, अन्नावरची वासना जाणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, पायांवर सूज येणे, छातीत धडधडणे किंवा स्नायूंना अकारण अशक्तपणा येणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच दिवशी मुळी बंद करावी आणि डॉक्टरांकडे जावे. 'औषध दोष बाहेर काढत आहे' असे स्वतःला समजावत बसू नये.

डॉक्टर विचारतील, नेमके काय घेतले? तेव्हा 'एक मूळ होते' या उत्तराचा उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक खरेदीतील चार-पाच अख्ख्या मुळ्या, किंवा चूर्ण असेल तर दोन चमचे, लहान बंद पिशवीत घालून त्यावर नाव, दुकान आणि तारीख लिहून वेगळे ठेवावे. तयार माल असेल तर रिकामे पाकीटही टाकू नये. तो माल संपल्यावर आणखी दोन महिने हा नमुना सांभाळावा आणि मगच टाकावा.